सहाशे हेक्टर माळ आणि पन्नास हजार रोपे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त, नाव विनंतीवरून दिलेले नाही): "वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर इंदापूर-बारामतीच्या जिरायती पट्ट्यात एका संस्थेने मला क्षेत्र समन्वयक म्हणून घेतलंय. सात गावांचा मिळून 600 हेक्टर माळ आहे. त्यातलं 210 हेक्टर गायरान, 300 हेक्टर वनखात्याचं, बाकी खासगी पड. गवताळ अधिवास पुन्हा उभा करायचा, असं काम आहे. निधी तीन वर्षांचा. देणगीदार कंपनीला 50,000 झाडं हवीत, एक ठेकेदार सलग समतल चर (पाणी अडवायला उतारावर आडवे खणलेले सलग चर) मारायला जेसीबी घेऊन तयार बसलाय. सात गावांत चार हजारांच्या आसपास शेळ्या-मेंढ्या आहेत आणि पहिल्याच बैठकीतून मेंढपाळ उठून गेले. गवतं ओळखता येतात, पण 600 हेक्टरचं काय करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. सुरुवात कुठून करू? आणि या क्षेत्रात पुढे काही आहे का?"

उत्तर:

मेंढपाळ उठून गेले, हे तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. तुमच्या कामाचा निकाल बहुतेक तिथेच लागणार आहे. रोपे, चर, बियाणे, पैसा या सगळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो. त्यामुळे या उत्तराचा बराच भाग चराईवर आहे. पण बैठक पुन्हा बोलवण्याआधी तुमच्या पिशवीत काही कागद असायला हवेत.

सातही गावांचे गाव नकाशे भूमी अभिलेख कार्यालयातून घ्या आणि गायरानाच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा. सातबाऱ्यावर ते बहुधा 'सरकारी गुरचरण' म्हणून दिसेल. 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. घरकुले, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, क्रीडांगण असे काही ना काही तिथे निघतेच. तहसील कार्यालयात आणखी एक चौकशी करा: यातला एखादा गट मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत किंवा दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात सुचवला गेला आहे का? दोन वर्षे राखलेल्या कुरणावर तिसऱ्या वर्षी सौरपटल उभे राहिले तर तक्रारीलाही जागा उरत नाही. गावाच्या लेखी ते गायरान असते, पण सरकारच्या पडीक जमिनीच्या नकाशात असे माळ वर्षानुवर्षे 'पडीक' म्हणूनच रंगवले गेले आहेत. म्हणून जमीन हवी असली की पहिली नजर तिथे जाते. नकाशे स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशे करायच्या संगणक प्रणालीत उपग्रहचित्रावर बसवा आणि हद्द स्वतः चालून पाहा. नकाशावरची हद्द, वहिवाटीची हद्द आणि अतिक्रमणाची हद्द या तीन वेगळ्या रेषा निघतील. तिन्ही वेगळ्या रंगांत ठेवा. अतिक्रमणाचा वाद तुम्ही सोडवायला जाऊ नका. तेवढा भाग कामातून वगळा आणि का वगळला ते लिहून ठेवा.

वनखात्याच्या 300 हेक्टरांवर परवानगीशिवाय साधे झुडूपही उपटता येत नाही. राखीव वनात भारतीय वन अधिनियम 1927 नुसार तो गुन्हा ठरतो, मग ती विलायती बाभूळ का असेना. उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी घ्या. त्याहून महत्त्वाचे, वनक्षेत्रपालांकडे (आरएफओ) त्या कक्षाची, म्हणजे वनाच्या त्या भागाची, कार्य आयोजना मागा; तिथे कोणत्या वर्षी काय करायचे याचा तो आराखडा असतो. तुम्ही गवतासाठी राखायला निघालेला कक्ष पुढच्या वर्षीच्या रोपवनात धरलेला असू शकतो. ही गाठ आधी सोडवली तर तोंडी बोलण्यावर भागते, नंतर मात्र गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाची) रोपे लावून झालेली असतात.

आता पाहणी. तुमच्याकडे पाऊस 500 मिलिमीटरच्या आसपास, तोही बेभरवशाचा: जूनमध्ये थोडा, मध्ये मोठा खंड, मग सप्टेंबरात पुन्हा. गवते फुलोऱ्यावर येतात सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, म्हणून पाहणी त्याच दिवसांत करायची. मे महिन्यात सगळा माळ सारखाच करपलेला दिसतो आणि तेव्हा केलेल्या नकाशावर विसंबलात तर पुढचे सगळे चुकते. चालताना जमिनीचे चार भाग पाडा. जिथे शेडा, पवना, मारवेल, डोंगरी गवत अशी बहुवर्षायू (वर्षानुवर्षे टिकणारी) गवते अजून ठोंब धरून आहेत तो पहिला भाग. बहुवर्षायू गवत विरळ झाले आहे आणि कुसळी व एकवर्षायू गवतांनी जागा घेतली आहे तो दुसरा. विलायती बाभूळ, घाणेरी किंवा सुबाभळीने व्यापलेला तिसरा. मुरूम उघडा पडलेला किंवा खणलेला तो चौथा.

काम याच क्रमाने करा. देणगीदाराला, सरपंचांना आणि तुम्हालाही सगळ्यात वाईट जागेपासून सुरुवात करावीशी वाटेल, कारण तिथला बदल फोटोत दिसतो. पण चौथ्या भागातल्या एका हेक्टरच्या खर्चात पहिल्या भागातले कित्येक हेक्टर नुसती चराई नीट करून वाचतात, आणि पुढे बी लागणार आहे तेही तिथूनच येणार आहे. जे चांगले शिल्लक आहे ते आधी पक्के करा, मग त्याच्या कडेने बाहेर सरका.

जेसीबीवाल्याला नम्रपणे नको म्हणून सांगा. तुमच्या माळावर मुरमावर माती असते वीतभर, काही ठिकाणी तीही नाही. या पातळ थरात गवतांच्या मुळांचे जाळे असते आणि पाणी मुरवण्याचे काम तेच करते. चर मारला की हा थर खाली जातो, मुरूम वर येतो आणि वरंब्यावर पहिल्या पावसात गाजर गवत उगवते. दोन-तीन वर्षांत गाळाने चर भरतात, वरंबे मात्र राहतात. नांगरटीने वा धुपीने उघड्या पडलेल्या उतारावर चराला अर्थ आहे, जिवंत गवताच्या माळावर नाही. चौथ्या भागात घळी पडत असतील तर तिथे दगडांचे छोटे बांध घाला, तेही हाताने. आणखी एक गोष्ट: माळटिटवी, धाविक, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि त्यांच्या विणीचा बराचसा काळ मार्च ते जूनमध्ये येतो. ठेकेदाराचे यंत्र रिकामे असते तेही नेमके याच महिन्यांत.

आता मेंढपाळ. ते का उठून गेले असतील याचा अंदाज बांधता येतो. कुणीतरी 'चराईबंदी' हा शब्द उच्चारला असेल. तुमच्या भागातले बरेचसे धनगर वाडे (कळपांसह एकत्र फिरणारी कुटुंबे) दिवाळीनंतर कोकणाच्या बाजूला उतरतात आणि पावसाच्या तोंडावर गावी परततात. म्हणजे जून ते ऑक्टोबर हेच महिने ते घरी असतात, आणि गवताला वाढायला, बी धरायला विश्रांती लागते तीही याच महिन्यांत. पुस्तकातली पावसाळी चराईबंदी त्यांच्यावर लादायची म्हणजे वर्षातून ज्या चार-पाच महिन्यांत ते गावात राहतात तेवढ्यातच त्यांना गावाबाहेर काढायचे. हिवरे बाजारने चराईबंदी केली आणि गवत कापून न्यायला मोकळीक दिली, हे उदाहरण तुम्हाला प्रत्येक सभेत ऐकवले जाईल. त्या गावात ते चालले, कारण तिथला कल दुभत्या जनावरांकडे वळला. मेंढीला विळ्याने कापलेल्या गवतावर वर्षभर गोठ्यात बांधून ठेवता येत नाही, आणि मेंढपाळाला ते करायचेही नाही.

म्हणून शब्द बंदीचा नको, पाळीचा, म्हणजे आळीपाळीने चराईचा, वापरा, आणि आधी हिशेब मांडा. तो असा. ऑक्टोबरअखेर एक मीटर बाय एक मीटर चौकटीतले गवत कापून उन्हात वाळवून वजन करा. चौरस मीटरला 100 ग्रॅम म्हणजे हेक्टरी एक टन. समजा तुमच्या गायरानाची सरासरी 120 ग्रॅम आली. म्हणजे हेक्टरी 1.2 टन, 210 हेक्टरांत 252 टन. त्यातले निम्मे खायचे, निम्मे माळावर ठेवायचे, हा कुरणाचा जुना नियम धरला तर 126 टन उरतात. तीस किलोच्या दख्खनी मेंढीला दिवसाला साधारण एक किलो सुका चारा लागतो. चार हजार जनावरांना 126 टन पुरतात जेमतेम 31 दिवस. कळप घरी असतात चार-पाच महिने.

हा आकडा सभेत मांडा आणि गप्प बसा. बाकीचे तीन-चार महिने जनावरे काय खातात हे तुमच्यापेक्षा त्यांना चांगले माहीत आहे: बांध, ओढ्याकाठ, वनखात्याची हद्द, विलायती बाभळीच्या शेंगा, आणि माळावरचे ते निम्मे, जे खायला नको होते. इथून बोलणे सुरू होते. याच हिशेबाने हेही दिसते की उत्पन्न दुपटीहून थोडे वर, हेक्टरी अडीच टनांवर गेले तरी 65 दिवसच निघतात. म्हणून 'आमच्या कामाने तुमचा चाऱ्याचा प्रश्न सुटेल' असे वचन देऊ नका. ते खोटे ठरेल आणि मेंढपाळ ते आठवणीत ठेवतील.

पाळीचे गणित सोपे ठेवा. प्रत्येक गावाच्या गायरानाचे तीन तुकडे करा. एक तुकडा दोन पावसाळे पूर्ण बंद. दुसरा पावसाळ्यात बंद, पण बी झडल्यावर, म्हणजे साधारण नोव्हेंबरपासून, उघडा. तिसरा पावसाळाभर उघडा, त्यावर ताण पडणार हे गृहीत धरून. दोन वर्षांनी तुकडे फिरवा. सगळ्यात चांगला तुकडा सगळ्यात आधी बंद करायचा मोह होईल, पण पहिल्या वर्षी मधल्या प्रतीचा तुकडा बंद करा. चांगला तुकडा हातचा गेला तर कुणीच सही करणार नाही. कुसळीचे रान मात्र मुद्दाम जुलै-ऑगस्टमध्ये चरू द्या. कुसळ धरण्याआधी ते गवत कोवळे आणि पौष्टिक असते. कुसळ पक्व झाले की लोकरीत, कातड्यात, तोंडात घुसते आणि मग मेंढपाळ त्या रानाकडे फिरकत नाही. सगळा भार उरलेल्या चांगल्या गवतावर पडतो आणि कुसळी मात्र बिनधास्त बी टाकते.

बंद तुकड्याला तारेचे कुंपण घालू नका. काटेरी तारेत चिंकारा अडकतात, जाळीच्या कुंपणाने लांडगे-खोकडांच्या वाटा तुटतात आणि वर्षभरात तार चोरीला जाते ते वेगळेच. चुना मारलेले दगडांचे ढीग हद्दीवर दिसतील एवढ्या अंतरावर रचा आणि राखणदार नेमा. राखणदार मेंढपाळ कुटुंबातला असावा, पगार बारा महिन्यांचा असावा आणि निधीच्या अंदाजपत्रकात तो 'देखभाल' या गोळा शीर्षकाखाली न दडवता स्वतंत्र ओळीत असावा. कराराला ग्रामसभेचा ठराव हवा. ठरावात गट नंबर, तुकड्याची चतुःसीमा, बंद आणि उघडण्याच्या तारखा, दुष्काळ पडला तर काय, हे सगळे आले पाहिजे. दुष्काळाचे कलम विसरू नका. ऑगस्ट कोरडा गेला की बंद तुकडा उघडला जाणारच. नियमाने उघडला तर करार टिकतो, चोरून उघडला तर मोडतो.

ग्रामसभेत जे येत नाहीत त्यांच्याकडे स्वतः जा. तीन-चार शेळ्यांवर घर चालवणाऱ्या भूमिहीन बाया पाळीच्या नियमात सगळ्यात जास्त भरडल्या जातात, कारण त्यांना लांबचा तुकडा परवडत नाही. वस्तीजवळची पट्टी त्यांच्यासाठी मोकळी सोडा. पाच-सात हेक्टर गेले तर गेले.

झाडोऱ्याकडे वळू. विलायती बाभूळ जमिनीलगत कापली की बुडख्यातून दहा फुटवे येतात आणि तुमचे मजुरीचे पैसे वाया जातात. फुटवे देणारे डोळे खोडाच्या बुंध्यात, मातीच्या पातळीखालीही काही अंतरापर्यंत असतात. त्यामुळे बुंध्याभोवती टिकावाने वीत-दीड वीत खणून मुख्य मूळ त्या पट्ट्याखाली तोडायचे. घाणेरीला दिल्ली विद्यापीठात प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत चालते. झुडपाचे सोटमूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटीमीटरवर कुदळीने तोडायचे आणि अख्खे झुडूप उपटून मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवायचे. फळे धरण्याआधी हे झाले पाहिजे. पुढची दोन वर्षे मोठ्या झाडांखाली रोपे शोधून उपटत राहायची, कारण पक्षी फळे खाऊन तिथेच बसतात. दोन्ही कामे माती ओली असताना करा, ऑगस्ट ते ऑक्टोबर. मुरूम वाळला की पहार उसळते, मजूर वरच्या वर कापून मोकळे होतात. डिसेंबरच्या सुमारास लांडग्यांची पिल्ले बिळात असतात, तेव्हा दाट झुडपांत गोंगाट नकोच.

एकदम सगळे काढायलाही जाऊ नका. बाभळीच्या बनातून गावाचे सरपण निघते, मे महिन्यात शेळ्यांना शेंगा मिळतात. चांगल्या गवताच्या कडेला तुरळक उगवलेल्या बाभळी पहिल्या वर्षी काढा, दाट बन शेवटी, तेही तेवढ्या जागेत लगेच गवत लावण्याची तयारी असेल तरच. मोकळी केलेली जागा एक पावसाळा उघडी राहिली तर गाजर गवत येते. बाभळीच्या शेंगा खाल्लेल्या जनावरांच्या लेंड्यांतून बी शाबूत बाहेर पडते. म्हणून नव्याने साफ केलेल्या जागेवर मे-जूनमध्ये वाघूर (मेंढ्या कोंडायची जाळी) लावून मेंढ्या बसवू देऊ नका, एरवी खतासाठी ते कितीही चांगले असले तरी. गाजर गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटा. उघड्या हातांनी उपटणाऱ्यांच्या अंगावर पुरळ उठते आणि दुसऱ्या दिवशी मजूर येत नाहीत.

बियाण्याबाबत तुमचे शिक्षण खरे कामाला येईल. बी त्याच पट्ट्यातल्या, तशाच मातीतल्या माळावरून गोळा करा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, आणि एका जागेवरून तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घेऊ नका. कणसे हाताने ओरबाडली की नुसते फोलपट घरी येण्याचा धोका असतो. मूठभर बी तळहातावर चोळा आणि नखाने दाबून पाहा, आत दाणा लागला पाहिजे. पवना-शेड्यात पोकळ दाणे बरेच निघतात. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत किंवा गोणपाटात ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. ताजे बी पेरायची घाई करू नका. या गवतांच्या बियांना काही महिन्यांची सुप्तावस्था असते, म्हणजे तेवढा काळ ते उगवत नाही, त्यामुळे नोव्हेंबरचे बी पुढच्या जूनमध्ये चांगले उगवते. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजा. शंभरातले वीस उगवले तर पेरणीचे प्रमाण त्या हिशेबाने वाढवा.

स्वच्छ, भरलेले बी हेक्टरी पाच-सहा किलो लागते. रानातून ओरबाडलेले असेल तर त्याच्या कित्येक पट. यावरून लगेच लक्षात येईल की 600 हेक्टरांवर पेरणी हा विचारच सोडून द्यायला हवा. पेरणी फक्त तिसऱ्या-चौथ्या भागात, तीही बेटांसारखी. दहा मीटर बाय दहा मीटरचे तुकडे वाऱ्याच्या आणि पाण्याच्या वरच्या अंगाला पेरा, तिथून बी आपसूक खाली सरकेल. माती तीन भाग, शेण एक, बारीक वाळू एक, त्यात बी मिसळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा. गोळी नसेल तर मुंग्या निम्मे बी नेतात आणि वारा उरलेले. कुसळीचे बी मात्र कुठेच पेरू नका, ती तुम्हाला न विचारता येते. पेरणीची खोली अर्धा ते एक सेंटीमीटर, त्याहून खाली गेलेले बी वर येत नाही. काटेरी फांदी जमिनीवरून ओढली की पुरेसे झाकले जाते.

सगळे बी जूनमध्ये टाकू नका. तुमच्याकडे जूनच्या सरींनी बी उगवते आणि जुलैच्या खंडात जळून जाते, हे नेहमीचे आहे. निम्मे जूनमध्ये, माती चांगली भिजल्यावर. उरलेले ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या पावसाच्या भरवशावर. मारवेलची ठोंबे लावायची असतील तर 50 सेंटीमीटर बाय 50 सेंटीमीटरवर हेक्टरी 40,000 लागतात, तेव्हा ती घळींच्या काठाला आणि ओलाव्याच्या जागीच लावा. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेले मारवेलचे वाण खासगी बांधांवर, चाऱ्यासाठी, जरूर द्या. तिथले उत्पन्न वाढले तर माळावरचा भार कमी होतो. अधिवास म्हणून राखायच्या माळावर मात्र स्थानिक बीच हवे.

नवे गवत चराईला कधी उघडायचे? मूठभर पाने धरून ओढा. मुळासकट उपटून हातात आले तर अजून वेळ आहे, पाने तुटून मूळ जमिनीतच राहिले तर चालेल. मेंढपाळांना ही कसोटी लगेच पटते, कारण मेंढी नेमके हेच करते.

आता ती 50,000 झाडे. दाट लागवडीच्या हिशेबाने, हेक्टरी हजार-अकराशे रोपे धरली तर, 45 ते 50 हेक्टर माळ तुम्ही स्वतःच्या हाताने बुजवाल. दूरवर मोकळे दिसावे लागते असे पक्षी आणि चिंकारा तो भाग सोडून देतात, आणि वीतभर मातीवर टँकरने जगवलेली रोपे टँकर थांबला की वाळतात. देणगीदाराला नकार देण्याऐवजी मोजायचे एकक बदलून द्या: झाडामागे रुपये नकोत, हेक्टरमागे द्या. आकडे त्यांना हवेच असतात, मग हे आकडे द्या: किती हेक्टर बाभूळमुक्त झाले, चौरस मीटरला गवत किती ग्रॅमवरून किती ग्रॅमवर गेले, किती कुटुंबांनी पाळी पाळली. तरीही झाडांचा हट्ट असेल तर दोनेक हजार झाडे ओढ्याकाठी, विहिरींजवळ, शाळेत, वस्तीवर लावा: करंज, उंबर, जांभूळ. माळावर हिवर, बोर, खैर, हिंगणबेट विरळ असतातच. त्यांची आपोआप उगवलेली रोपे हेरून भोवती काट्याचे आळे करा. त्यांना पाणी लागत नाही. गिरिपुष्प, सुबाभूळ, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी ही नावे करारात 'लावणार नाही' म्हणून लिहूनच घ्या, नाहीतर रोपवाटिकेतून तीच येतात, कारण तीच स्वस्त आणि हमखास जगणारी.

मोजमापाला फार उपकरणे लागत नाहीत. 6 मिलिमीटरच्या सळईची एक मीटरची चौकट, वजनकाटा, आणि दोन्ही तोंडे उघडी असलेला 15 सेंटीमीटर व्यासाचा पाइपचा तुकडा. तो जमिनीत थोडा ठोकून एक लिटर पाणी ओता आणि मुरायला लागलेला वेळ नोंदवा. एक लिटर म्हणजे त्या पाइपात साडेपाच सेंटीमीटरहून थोडे जास्त पाणी, एका दणक्या सरीएवढे. चांगल्या गवताखाली आणि उघड्या मुरमावर हा फरक गावकऱ्यांसमोर करून दाखवा. बंद तुकड्यात तीस चौकटी मोजत असाल तर उघड्या तुकड्यातही तीस मोजा. उघड्या तुकड्याशी तुलना नसेल तर चांगल्या पावसाचे श्रेय तुम्ही घ्याल आणि दुष्काळाचा दोषही तुमच्याच माथी येईल. फोटोसाठी दगडी खुणा करा, दरवर्षी त्याच आठवड्यात, त्याच दिशेने फोटो. पक्ष्यांसाठी एक किलोमीटरच्या ठरलेल्या रेषा, सकाळी ऊन तापण्याआधी.

600 हेक्टर ऐकायला मोठे वाटते, पण लांडग्यांच्या एका कळपाला ते अपुरेच आहे. तेव्हा तुमचे सात तुकडे आणि त्यांना जोडणारे ओढे, बांध, पडीक शेते हे सगळे एकाच नकाशावर ठेवा. उसाच्या सलग पट्ट्याने कुठे वाट तुटते ते पाहा. तिथे ओढ्याकाठची पट्टी वाचवणे हे कदाचित पन्नास हेक्टर पेरणीपेक्षा मोलाचे ठरेल. लांडग्याने मेंढी मारली तर 48 तासांच्या आत वनखात्याला कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर हलवायचे नसते. हे मेंढपाळांना सांगून ठेवा, पहिल्या दोन-तीन अर्जांना स्वतः मदत करा. भरपाई मिळवून देणारा माणूस म्हणून तुमचे नाव झाले की पुढच्या बैठकीतून कुणी उठून जाणार नाही.

पुढे काही आहे का, याचे थोडक्यात उत्तर: आहे, पण प्रकल्पाच्या तुकड्यांत. दोन-तीन वर्षांचा निधी, मग नवा शोध, असेच बहुतेकांचे चालते आणि पगार शहरातल्या नोकरीच्या मानाने कमीच असतो. टिकतो तो माणूस ज्याला तीन गोष्टी एकत्र येतात: गवत फुलोऱ्याशिवायही ओळखणे, नकाशा करणे, आणि हजेरीपत्रक व खर्चाचा ताळा स्वतः जुळवणे. तिसरी गोष्ट बहुतेक एम.एस्सी. झालेल्यांना कमीपणाची वाटते, आणि नोकरी मिळते ती बहुधा तिच्याचमुळे. नमुने पक्के करून घ्यायला पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. तिथल्या संग्रहात आठवडाभर बसा. चाऱ्याच्या गवतांसाठी झाशीच्या भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्थेचे धारवाडला केंद्र आहे. संस्थेशी करार करताना निधी तीन वर्षांचा असला तरी मोजमाप निदान पाच वर्षे चालेल अशी तरतूद मागा. दोन पावसाळे बंद ठेवलेला तुकडा उघडल्यावर काय होते, हे तिसऱ्या वर्षाच्या आत कळत नाही.

ता.क. शाळेच्या मुलांना घेऊन बीजगोळे फेकण्याचा कार्यक्रम तुमच्यापर्यंत येईलच, जूनमध्ये हमखास येतो. गोळ्यांत कुठले बी आहे ते फोडून बघा. चिंच, सुबाभूळ किंवा गुलमोहर निघाला तर मुलांना माळावर नेऊ नका, त्याच दिवशी त्यांच्याकडून गाजर गवत उपटून घ्या, हातमोजे घालून. गवताच्या गोळ्या करायच्या असतील तर मे महिन्यात शाळेतच करायला घ्या, टाकायचे काम मात्र राखणदारावर सोपवा.